होया, मेणवेल की मेणफूल? नेमकं म्हणायचं काय

सपरीतली कुंडी
नमस्कार मंडळी, वरुडकडून लिहितेय. सपरीत टांगलेल्या कुंडीत एक वेल आहे, पानं जाड अन् गुळगुळीत, समोरासमोर जोडीनं येतात, तोडलं की पांढरा चीक. यंदा पहिल्यांदा फुलली. एकाच दांडीवर फिक्या गुलाबी चांदण्यांचा गोल गुच्छ, प्रत्येकीच्या मधात लाल ठिपका, अन् रात्री असा वास सुटतो की बाहेर बसवंसं वाटतं. सासूबाई मेणाचं फूल म्हणतात, शेजारच्या काकू मधुमालती म्हणतात, अन् नर्सरीवाला तर मनी प्लांट म्हणून विकून मोकळा झाला. मराठीत नेमका शब्द काय याला?

पानंफुलं
ताई, ही होया. वर्णनावरून होया कार्नोसा वाटते, घराघरात तीच जास्त दिसते. मधुमालती नक्की नाही, तिचं फूल लांब नळीचं, उमलताना पांढरं अन् मग गुलाबी-लाल होत जाणारं, शिवाय तिला चीक नसतो. मनी प्लांटची पानं एकाआड एक येतात अन् घरातल्या कुंडीत तो फुलत नाही. जोडीची पानं, चीक अन् छत्रीसारखा गुच्छ, एवढं जुळलं की होया समजा.

नाव एका माळ्याचं आहे. टॉमस हॉय नावाचा माळी लंडनजवळच्या सायन हाऊसमध्ये ड्यूक ऑफ नॉर्थंबरलँडच्या बागेत कामाला होता, त्याच्यावरून रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८१० मध्ये हे नाव ठेवलं. म्हणजे उच्चार काटेकोर धरला तर हॉया व्हायला पाहिजे, पण आपल्याकडे होया रुळलंय, राहू द्या.

शब्दाचा किडा
मेणवेल काय वाईट आहे? इंग्रजीतही वॅक्स प्लांटच म्हणतात. उगाच साहेबाच्या माळ्याचं नाव कशाला मिरवायचं.

पानंफुलं
वाईट नाही हो, पण होयाच्या शेकडो जाती आहेत अन् नर्सरीत मेणवेल मागितली तर समोरचा नुसता बघत राहतो. अन् मेणासारखं फूल तर आपल्या रुईचंही असतं. रुईचं फूल जवळून बघा, पाच जाड पाकळ्या अन् मधात मुकुट, घडण तीच. दोन्ही एकाच कुळातल्या, उतरण अन् अनंतमूळही त्यातलेच.

शब्दाचा किडा
मग रुईवेल म्हणा!

सपरीतली कुंडी
नको दादा 😄 रुईवेल ऐकलं की सासूबाई कुंडी उचलून धुऱ्यावर नेऊन ठेवतील. रुई मारुतीच्या शनिवारच्या माळेपुरती, घरात नाही.

मृगबहार
नावाचं तुमचं चालू द्या जी, मले वाढवायच्या शब्दाइबद्दल बोलाचं हाये. लोकं इंग्रजी व्हिडिओ पाहून गोंधळते, अन् आपल्या संत्र्याच्या बागेत सारे शब्द तयार हायेत. पहिला शब्द ताण. हिवाळ्याच्या शेवटी येनाऱ्या आंबिया बहारासाठी आपण झाडाचं पाणी तोडतो का नाई, तसं या वेलीलेबी हिवाळ्यात पाणी कमी करा, माती पुरी वाळली का मंगच द्या, त्यानं फुलाले जोर येते. पण पावसाळ्यातल्या मृग बहारासाठी देतो तसा मे महिन्यात ताण देऊ नोका बाप्पा, ४५ डिग्रीत पानं सुरकुतून जाते.

दुसरा पानसोट, म्हंजे झाडाची ताकद खानारी, सरळ वाढनारी वांझ फांदी. होयाले लांबच लांब नागडी फांदी फुटते, पान नाई काई नाई, अन् लोकं पानसोट समजून छाटून टाकते. थो पानसोट नोहे! पानं मागून येते त्याले. वेल चढायले आधार पाहाते, तारेवर गुंडाळून द्या.

तिसरा डोळा, म्हंजे जिथून नवा फुटवा निंगते थो कोंब. ते बदामाच्या आकाराचं एकच पान कुंडीत खोचून विकते ना, होया केरी, त्याच्यात बहुतेक येळा डोळाच नसते. मुळं फुटन, पान वर्षानुवर्षं हिरवं राहीन, पण वेल कधीच नाई होनार. आपल्या वरुडजवळच्या शेंदुरजना घाटच्या कोनत्याबी कलमवाल्याले इचारा, बिनाडोळ्याचं थो हातात तरी घेईन का?

सपरीतली कुंडी
हे भारी झालं भाऊ. अन् फुलं गळाल्यावर तो खुंट राहिलाय तो कापायचा का?

मृगबहार
कापू नोका! त्याच्यातूनच पुढच्या बारीले फुलं येते. फक्त त्याले खुंट नोका म्हनू, खुंट म्हंजे ज्याच्यावर संत्र्याचं कलम बांधते थो, जंबेरी लिंबाचा. फुलदांडी म्हना.

पानंफुलं
फुलदांडी आवडला शब्द. पुस्तकात गुच्छाच्या या रचनेला चामरकल्प म्हणतात, पण तो शब्द ओसरीत चालायचा नाही.

मातीबद्दल जोडतो, कारण आपल्याकडे होया मरते ती बहुतेक याच पायी. ही मुळात झाडांच्या अंगावर वाढणारी वेल, मुळांना हवा पाहिजे. आपली काळी माती पाणी धरून बसते अन् पावसाळ्यात मुळं सडतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे बारीक खडे अन् थोडं कुजलेलं शेणखत, बस. कुंडी मोठी करायची घाई नको, मुळं दाटली तरी फुलते. अन् पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पऱ्हाटीवरचा पिठ्या ढेकूण ओळखता तसाच ओळखा, ओल्या फडक्यानं पुसून निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा.

शब्दाचा किडा
बरं, माझं मत मांडून ठेवतो. नर्सरीत होया, घरी मेणवेल. मोगऱ्याला पुस्तकात जास्मिनम म्हणतात म्हणून कोणी केसात जास्मिनम माळत नाही.

सपरीतली कुंडी
चालेल. काकूंना पावसाळ्यात दोन डोळ्यांची फांदी लावून देते, तेव्हा मधुमालतीचा वादही मिटेल. एक शेवटचं विचारते, उन्हाळ्यात ग्रीन नेट कितीची लावू?

मृगबहार
सपरीचं तोंड पश्चिमेकडं असन तर ७५ टक्के सावलीची, पूर्वेले ५० ची पुरते.