शब्दचर्चा: 'द्विबुद्धीचा' माणूस दुटप्पी असतो का?

तिरपी_रेघ
बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रावरचा एक अभ्यासपाठ मराठीत करतोय. १:८ मध्ये (अध्याय १, वचन ८) संशय धरून देवाकडे मागणाऱ्या माणसाला 'द्विबुद्धीचा' म्हटलंय, ते तसंच ठेवलं होतं. तपासणीत ते खोडून 'दुटप्पी' केलं गेलं. म्हणे, 'द्विबुद्धी' ऐकून तरुण वाचकांना दुप्पट हुशार माणूस वाटतो. दुटप्पी मला खटकतंय, आणि 'द्विधा मनःस्थितीतला' म्हणावं तर नोकरी बदलू की नको अशा पेचातला कुणी डोळ्यांपुढे येतो. काय घालू?

काना_मात्रा
दुटप्पी नकोच. दुटप्पी माणसाला स्वतःचं पक्कं ठाऊक असतं. त्याची जीभ दुभंगलेली असते, मन नव्हे. याकोबाचा माणूस १:६ मध्ये वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेसारखा आहे. मूळ ग्रीक शब्द 'दिप्सुखोस', म्हणजे दोन जीव असलेला. नव्या करारात तो दोनदाच येतो, दोन्हीदा याकोबातच (१:८ आणि ४:८). सरळ 'दोन जिवांचा' करा की.

उकार_दीर्घ
'दोन जिवांचा' म्हटल्यावर लोक बाळंतपणाची तारीख विचारतील.

जुनी_पोथी
काना_मात्रा, जीभ आणि मन इतकं स्वच्छ वेगळं काढता येत नाही. हिब्रूत 'लेव वालेव' असा प्रयोग आहे, शब्दशः 'एक हृदय आणि एक हृदय'. स्तोत्र १२:२ मध्ये तो तोंडावर खुशामत करणाऱ्यांसाठी येतो, म्हणजे तिथे चक्क दुटप्पीच. पण १ इतिहास १२:३३ मध्ये दावीद राजाकडे आलेले जबुलून वंशाचे ५०,००० लढवय्ये 'लेव वालेव' नसलेले, म्हणजे ऐनवेळी डळमळणार नाहीत असे. एकच प्रयोग, दोन दोष. ४:८ तर पाप्यांना हात धुवायला सांगून मग द्विबुद्धीच्या लोकांना अंतःकरण शुद्ध करायला सांगतं. ते निव्वळ गोंधळलेले असते तर शुद्धीची भाषा कशाला?

काना_मात्रा
४:८ मान्य. पण १:८ प्रार्थनेबद्दल आहे. तिथे दुटप्पी घातलं तर प्रामाणिक शंका असलेला माणूस स्वतःला ढोंगी समजून प्रार्थनाच सोडतो. पाठ शिकवताना हमखास होणारी चूक. मार्क ९:२४ मधला बाप 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' असं एका दमात ओरडतो आणि त्याचा मुलगा बरा होतो. त्याचा विश्वास तोकडा आहे, पण तो दुसऱ्या कुणाच्या दारात उभा नाही. याकोबाचा माणूस मागतो देवाकडे आणि भरवसा ठेवतो दुसरीकडे. १:६ मधल्या 'संशय' या शब्दामागचं ग्रीक क्रियापदही मुळात वेगवेगळं करण्याचं आहे. इथे ते आपल्याच आत वाटले जाणं.

एकपदरी
दोघांनीही १:५ सोडलं. तिथे देव 'हाप्लोस' देतो. मराठीत त्याचं 'उदारपणे' होतं. चूक नाही, पण हाप्लोसचा मूळ अर्थ एकेरी, घडी नसलेला, आत-बाहेर न ठेवता. म्हणजे देणारा एकमनाचा आणि तीन ओव्यांनंतर मागणारा दोन मनांचा, अशी ती जोडी आहे. 'उदारपणे' लिहिलं की जोडी तुटते आणि ओवी ८ हवेत लटकते. मत्तय ६:२२ मधला 'निर्दोष' डोळाही 'हाप्लूस'च, आणि दोनच ओव्यांनी दोन धनी येतात, देव आणि पैसा. पाचमध्ये 'एकमनाने', आठमध्ये 'दोन मनांचा'. सुटला प्रश्न.

उकार_दीर्घ
ओव्या नाहीत, वचनं. ज्ञानेश्वरी नाही ही.

अनन्य
आणि ज्ञानेश्वरी असती तर काय बिघडलं असतं? गीतेत (१३:१०) 'भक्तिरव्यभिचारिणी' आहे. याकोब ४:४ आपल्या वाचकांना व्यभिचारिणी म्हणतो, स्त्रीलिंगीच, कारण डोक्यात होशेय संदेष्ट्याचं पुस्तक आहे: देव पती, लोक पत्नी. मग 'अनन्य', 'अव्यभिचारी' हे तयार शब्द सोडून 'दोन मनांचा' असा लंगडा शब्द का?

जुनी_पोथी
कारण 'अनन्य'बरोबर दुसरं कुणी नाहीच हा अद्वैताचा वास येतो. एलीया संदेष्ट्याच्या काळी बआल हा दुसरा देव 'नव्हता' असं नाही, त्याचे ४५० संदेष्टे समोर उभे होते. निष्ठा म्हणजे पर्याय समोर असताना केलेली निवड.

अनन्य
वास नाकात असतो. 'भक्ती', 'कृपा', 'प्रभू' हे सगळे शब्द कुठून घेतले?

काना_मात्रा
एलीया काढलाच आहे तर, १ राजे १८:२१ मध्ये लोक दोन मतांमध्ये लटपटतात. ते हिब्रू क्रियापद लंगडण्याचं आहे, आणि १८:२६ मध्ये बआलचे संदेष्टे वेदीभोवती करतात तेही तेच. टोमणा आहे तो, मराठीत निसटतो. 'दोन डगरींवर पाय' इथे चपखल बसतो, आणि 'एकनिष्ठ'मध्ये 'स्था' (उभं राहणं) हा धातू आहेच.

तिरपी_रेघ
पण १:८ चं काय? आणि पाठाच्या शेवटी प्रकटीकरण ३:१६ चा 'कोमट' (लावदिकीया शहरातल्या मंडळीला म्हटलेला, 'ना थंड ना ऊन') जोडायचा आहे, तोही द्विबुद्धीचाच ना?

एकपदरी
अजिबात नाही, ही जोडणी काढा. 'थंड' म्हणजे देवद्वेष्टा धरला तरच कोमट म्हणजे अर्धा भक्त होतो. पण वचनात थंड असलेलंही चालतं. लावदिकीयापासून सुमारे १० किलोमीटरवर हिरापली शहराचे ऊन झरे होते, शेजारच्या कलस्सै शहराकडे गार पाणी. दोन्ही उपयोगी, कोमट निरुपयोगी. शिवाय ३:१७ मधल्या मंडळीची ओढाताण होतच नाही, 'मला काही उणे नाही' म्हणते ती.

जुनी_पोथी
'मी श्रीमंत आहे' हेही त्याच १७ मध्ये आहे. म्हणजे दुसरा धनी आलाच की, मत्तय ६:२४ चा. झऱ्यांचा भूगोल छान, पण वचन पैशाबद्दल आहे.

एकपदरी
पैसा असणं आणि पैशाची चाकरी करणं यात फरक आहे. ३:१८ मध्ये 'माझ्यापासून सोने विकत घे' म्हटलंय, 'टाकून दे' नाही.

उकार_दीर्घ
कोमटवर वेगळा धागा काढा. आणि 'हिरापली' की 'हियरापुली', ते आधी ठरवा.