थंडीत अंड्यावर बसलेली टर्की मध्येच उठते, काय करू?

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं रान आहे. दोन टर्की माद्या, एक नर. थंडीत अंडी मिळणार नाहीत असं धरूनच चाललो होतो, पण गोठ्यात जनावरांसाठी रात्री दहापर्यंत बल्ब असतो, त्या उजेडानं दोघी अंड्यावर आल्या असाव्यात. त्यातली एक खुडूक झाली (अंडी घालायची थांबून उबवायला बसू लागली) म्हणून अकरा अंड्यांवर बसवली. आज सोळावा दिवस. टर्कीला २८ दिवस लागतात, म्हणजे अजून बारा.

अडचण अशी की दुसरी मादी त्याच खुराड्यात अंडी घालायला शिरते, मग दोघींची झोंबाझोंबी होते आणि बसलेली उठून जाते. काल पहाटे दवात तासभर बाहेर होती. अंडी हाताला गार लागली.

खाली भाताचं पिंजर घातलंय, वाऱ्याच्या बाजूला पोतं बांधलंय. जुन्या अंड्यांवर पेन्सिलीनं खुणा आहेत, नवी रोज काढतो. रात्री मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं, नऊ अंड्यांत शिरा दिसतात, दोन कोरी निघाली, ती काढली. गार पडल्यानंतर मात्र अजून पाहिलेलं नाही.

इनक्युबेटर नाही, आणि रानातल्या लाईटीचा भरवसा नाही. गावठी कोंबडी एक खुडूक आहे, पण तिच्याखाली पाच-सहाच मावतील. शिवाय कोंबड्यांत वाढलेल्या टर्कीच्या पिलांना ब्लॅकहेड हा आतड्याचा-यकृताचा रोग होऊ शकतो, म्हणून मन घेत नाही. दुसरीला वेगळं कोंडायला जागा नाही, बाहेर ठेवली तर मुंगसाची भीती.

तर बसलेलीलाच अंड्यांसकट रात्री उचलून घरातल्या अंधाऱ्या खोलीत हलवली, तर ती पुन्हा बसेल का, की जागा बदलली म्हणून अंडी सोडेल? कुणी सोळाव्या दिवसानंतर हलवून पाहिलंय का?