फ्रीकॅड या फुकटच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये भर घालायचीय, कोडिंग येत नाही, चालंल काय?

उद्यमनगरी_ड्राफ्ट्समन
मंडळी, मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करतो, आयटीआय झालंय, कोडिंग शून्य. मालकांनी जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा राऊटर (कोरायचं मशीन) आणलाय, म्हणून फ्रीकॅड १.० वर जी-कोड (मशीननं कसं हलायचं ते सांगणारी फाईल) काढायला शिकतोय. एका जुन्या व्हिडिओत 'पाथ' वर्कबेंच, म्हणजे सॉफ्टवेअरमधला तो विभाग, उघडा म्हणत होता, आणि माझ्याकडं पाथ नावाचं काय सापडंना, चहा येऊन गार झाला तरी शोधतोयच, शेवटी कळलं की १.० मध्ये त्याचंच नाव 'कॅम' केलंय. बरं हे सोडा. टूल कंट्रोलरमध्ये, जिथं टूलचा वेग ठरतो, तिथं फीड (टूल पुढं सरकायचा वेग) टाकलं ६००, आपण शॉपमध्ये एमएम पर मिनिटच बोलतो की, पण स्टँडर्ड युनिटला तिथं वेग एमएम पर सेकंद धरतंय. राऊटरला द्यायच्या आधी सहज फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर एफ, म्हणजे फीड, मिनिटाला ३६००० एमएम! मालक शेजारीच उभे होते, मी गप फाईल बंद केली.
उपाय दोन मिनिटांचा निघाला. प्रेफरन्सेसमध्ये जनरलला युनिट सिस्टीम आहे, तिथं स्मॉल पार्ट्स अँड सीएनसीवालं युनिट निवडायचं, नाहीतर आकड्यापुढं एमएम/मिन टाईप करायचं. हे कुठंतरी लिहून ठेवावं वाटतंय, माझ्यासारखा अजून कोणतरी अडकणारच. पण गिट, पुल रिक्वेस्ट (कोडवाल्यांची बदल पाठवून मंजूर करून घ्यायची पद्धत) ऐकूनच घाम फुटतोय, आणि इंग्लिश मोडकंतोडकं. सरळ मराठीतनं लिहिलं तर?

आठवी_गल्ली
भावा, तुझं नशीब लई चांगलं, कारण फ्रीकॅडचं डॉक्युमेंटेशन विकीवर आहे, विकिपीडिया ज्यावर चालतो त्याच मीडियाविकीवर. म्हणजे गिट लागतच नाही. फक्त एडिट करायची परवानगी त्यांच्या फोरमवर मागावी लागते, मी कोण, कुठलं पान बदलणार, दोन ओळी लिहायच्या, बास.
पण त्याआधी टूल कंट्रोलरचं पान आणि कॅमचं मुख्य पान सावकाश वाच. कदाचित युनिटचं दुसऱ्या कुठल्यातरी पानावर लिहिलेलं असंल आणि तू अडकलास तिथं नसंल, मग तू अडकलास त्या पानावर त्याची एक लिंक दिली तरी काम झालं, परत सगळं लिहीत बसू नको.
आणि हे लक्षात ठेव, एडिट उघडलंस की मजकुरात मधेमधे टी आणि आकडा असलेल्या खुणा दिसतील. त्या भाषांतरासाठी आहेत. त्यांना हात लावायचा नाही, हातानं नवीनही घालायच्या नाहीत, ते सॉफ्टवेअर आपलं आपण घालतंय. आकडे हलले की बाकीच्या भाषांची भाषांतरं चुकीच्या परिच्छेदाला जाऊन चिकटतात.
इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको. बारकी वाक्यं लिही, हे उघडा, ते निवडा, एवढंच. मेनूचं नाव स्क्रीनवर आहे तसंच. चुकलं तर कोणतरी सुधारतंयच की.

शिरोली_नाका
माझा अनुभव ऐक म्हणजे माझ्यासारखं करणार नाहीस. एका दुसऱ्याच प्रोजेक्टला (नाव नको) मी जोशात चौदा पानं बदलून एकच पुल रिक्वेस्ट पाठवलेली, स्पेलिंग, मथळे, क्रम, सगळंच, रात्री जागून. कोण बघंना. शेवटी एकानं लिहिलं की एवढं एकदम तपासायला वेळ नाही, आणि बंद केली. त्या वेळी डोकं फिरलं होतं, आता वाटतंय त्याचं तरी काय चुकलं. २०२० ला हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवायचा उपक्रम, त्याच्या टी-शर्टसाठी पोरांनी रीडमी या माहितीच्या फाईलमध्ये एकेक शब्द घुसडून लोकांना वात आणलेला, मधेच नियम बदलून, जे प्रोजेक्ट स्वतःहून भाग घेतील त्यांच्यातलेच बदल धरायचे असं ठरवावं लागलं, त्यामुळं अनोळखी माणसाचा बदल आला की ती लोकं जरा सावधच असतात. तू एक पान, एक बदल, आणि खाली समरीत का बदललं ते लिही.

पंचगंगा_काठ
मराठीचं विचारलंस म्हणून लिहिते. लिही, पण आधी इंग्लिश पानात घाल, मग मराठी. भाषांतर मूळ पानावरनं होतं, मुळातच नसलं तर मराठीत कुठनं येणार. सॉफ्टवेअरच्या मेनूचं भाषांतर वेगळं असतं हं, ते क्राउडिन या भाषांतराच्या साईटवर चालतं, दोन्हीची गल्लत करू नको.
आणि कृपा करून पुस्तकी शब्द नकोत. मी एकदा भाषांतर तपासायला बसले तर कुणीतरी फीडला 'भरण' केलेलं, मला आधी वाटलं पुरणपोळीचं चाललंय. चकला चक, फीडला फीड, स्पिंडलला स्पिंडल. उद्यमनगरात अजून काय म्हणतात ते तुलाच जास्त माहीत, म्हणून तर तू लिहायला पाहिजेस.

उद्यमनगरी_ड्राफ्ट्समन
लई आभार. परवानगी मागितलीय. आणि आठवी_गल्ली म्हणाले ते खरं निघालं, युनिटचं वेगळं पान आहेच, म्हणून टूल कंट्रोलरच्या पानावर तीनच ओळी आणि एक लिंक देणार. तिसरी ओळ, 'मशीनला देण्याआधी फाईल उघडून एफचा आकडा बघा'. एक स्क्रीनशॉटपण जोडलाय, खाली टाकतोय, बघून सांगा.

आठवी_गल्ली
ओळी मस्त. स्क्रीनशॉट परत काढ, वर टॅबवर पार्टीच्या जॉबचं नाव आणि ड्रॉइंग नंबर दिसतोय. विकीवर गेलं की जगाला दिसतंय, आणि मालक परत शेजारी उभे राहतील. साधा ठोकळा काढ, त्याचाच घे.