बी विंगची लिफ्ट आणि आक्कांची काकवी

बी-५०३ नाना: सुप्रभात 🙏 बी विंगच्या लिफ्टमध्ये डाव्या कोपऱ्यात कालपासून काहीतरी चिकट सांडलंय. मुंग्यांची रांग पार दारापर्यंत आलीय. सकाळी फिरायला निघालो तर चप्पल चिकटून बसली. ज्यांचं असेल त्यांनी कृपया पुसावं. कुणाचं नाव घेत नाही.

सी-२०१ दादा: काळपट लाल आहे का? लिफ्टचं ऑइल असेल, मेंटेनन्सवाल्याला बोलवा

बी-५०३ नाना: ऑइलला मुंग्या लागत नाहीत.

बी-३०२ आक्का: नाना ते माझ्याकडूनच सांडलं, माफ करा. गावाहून ५ किलो काकवीचा डबा आला, भाच्याने झाकण नीट दाबलं नव्हतं. रात्री ओल्या फडक्याने पुसलं मी, पण काकवी गार पाण्याने जात नाही, नुसती पसरते. गॅसवर सॉस आहे तो उतरवला की गरम पाणी घेऊन येते

ए-४०२ वहिनी: आक्का रविवारच्या हुरडा पार्टीचा सॉस?? मागच्या वर्षी थालीपिठाबरोबर होता तोच ना

बी-३०२ आक्का: हो तोच

ए-१०१ काका: त्याला सॉस का म्हणायचं? चिंचगुळाची चटणी आहे ती, आपल्या आज्या करत होत्या. उगाच मोठी नावं.

बी-३०२ आक्का: काका चिंचगुळाची चटणी वेगळी, ती मीही करते. तिच्यात गूळ पाण्यात विरघळेपर्यंत उकळतो, ती पातळ पडते, भेळेवर घालायला बरी. हा काकवीचा आहे, थालीपिठाच्या कडेला ओतला तर ओघळत नाही, तिथेच धरून बसतो आणि वर चकाकी असते

सी-६०५: आक्का काकवी म्हणजे पातळ केलेला गूळच ना? ऑनलाइन तसंच लिहिलेलं असतं बाटलीवर

बी-३०२ आक्का: गुळात पाणी घातलं की काकवी होत नाही बाळा. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, आटवताना गूळ होण्याच्या आधी जो उतरवतात ती काकवी. साधारण १०५-१०६ डिग्रीला ती उतरते, गुळासाठी ११८ च्या आसपास जावं लागतं. आमच्या गुऱ्हाळात थर्मामीटर कधी बघितला नाही. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, गार पाण्यात थेंब टाकायचा, बोटांत गोळी वळली तर गूळ, पाण्यात पसरला तर अजून काकवीच. त्या पाचदहा मिनिटांत वडील कुणाशी बोलायचे नाहीत, आम्हा पोरांना काहिलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. आम्ही चुलवाणाच्या बाजूला चिपाडांच्या ढिगावर बसायचो भाकरी घेऊन, पहिली काकवी भाकरीवर मिळायची

बी-५०३ नाना: लिफ्ट?

ए-४०२ वहिनी: आक्का मी मागच्या आठवड्यात तुमच्या पद्धतीने केला तर दगड झाला हो. बाटलीत चमचा उभा राहिला. अर्धा लिटर काकवी वाया गेली, आमच्याकडे अजून टोमणे चालू आहेत

बी-३०२ आक्का: काकवी कधी घातलीस? गॅस केवढा होता?

ए-४०२ वहिनी: सुरुवातीलाच, चिंचेच्या कोळाबरोबर. मोठ्या गॅसवर वीसेक मिनिटं. घट्टच होईना म्हणून

बी-३०२ आक्का: तिथेच झालं. गरम असताना तो पातळच दिसतो, घट्ट होतो गार झाल्यावर. काकवी आधीच आटवलेली असते, तिला परत वीस मिनिटं मोठ्या आचेवर ठेवली तर ती गुळाच्या वाटेलाच लागणार. काकवी शेवटी घालायची, सगळ्यात शेवटी. वाया नाही गेली पण, बाटली कोमट पाण्यात ठेव, सैल झाली की पातेल्यात काढून दोन चमचे गरम पाणी घाल आणि मंद गॅसवर हलव. कडू लागत असेल तर मात्र करपली, मग टाकूनच दे

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हुरडा पार्टीचे २०० रुपये प्रति कुटुंब आजपर्यंत जमा करावेत. सी विंगमधून फक्त ४ जणांचे आले आहेत.

सी-२०१ दादा: सी विंगचं नाव बरोबर दिसतं. गणपतीचा हिशोब अजून बोर्डावर लागलेला नाही ते पण लिहा साहेब

सेक्रेटरी: हिशोब ऑफिसमध्ये आहे, कुणीही येऊन बघावा. अजून कुणी आलेलं नाही.

सी-२०१ दादा: ऑफिस उघडं कधी असतं

बी-१०३ ताई: कृपया इथे नको. आक्का प्रमाण लिहा ना एकदा नीट, मला पण करायचाय

बी-३०२ आक्का: लिहिते. १ वाटी काकवी, अर्धी वाटी चिंचेचा घट्ट कोळ, ६ ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटलेल्या, रंग तिचाच येतो, तिखट हवं असेल तर २ लवंगी घाला. ८ लसूण पाकळ्या, बोटभर आलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ चमचा, मीठ चवीला पण जरा सढळ हाताने, कारण गोडाला मिठाने उठाव येतो, कमी पडलं तर पाकासारखं लागतं. चमचाभर तेलात लसूण आलं ठेचून परता, मिरचीचं वाटण घाला, तेल सुटेपर्यंत परता. मग कोळ, ७-८ मिनिटं शिजू दे, कच्चा वास गेला पाहिजे. मग गॅस एकदम बारीक, मीठ, जिरं आणि काकवी, चारपाच मिनिटं हलवत राहा आणि उतरवा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ भरून आली नाही की झाला. हे मी आत्ता गॅससमोर उभी राहूनच लिहितेय

ए-१०१ काका: म्हणजे चिंच आहे, मिरची आहे, गोड आहे, जिरं आहे. चटणीच झाली.

बी-१०३ ताई: काका 😄

सी-६०५: लोखंडी कढईत चालेल का? नवीन आणलीय

बी-३०२ आक्का: नको. चिंच लोखंडात काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. बिनकल्हईचं पितळही नको. जाड बुडाचं स्टील घे

बी-५०३ नाना: लिफ्ट धुतली का? मुंग्या आता दुसऱ्या मजल्यावर उतरतायत.

सी-४०४ मामी: काकवी शुगरवाल्यांना चालते ना? नैसर्गिक असते ती. यांना साखर बंद केलीय डॉक्टरांनी

ए-१०१ काका: चालते. माझ्या मित्राला वैद्याने काकवीच सांगितली होती.

बी-३०२ आक्का: नाही मामी, कृपया देऊ नका. आमचंच गुऱ्हाळ होतं, तरी सांगते. काकवी म्हणजे आटवलेला उसाचा रस, साखरच आहे ती. वडिलांना शेवटची दहा वर्षं शुगर होती आणि घरात काकवीचे डबे असून आई त्यांना चमचाभरसुद्धा द्यायची नाही. साहेबांचं थालीपीठ मी लसणाच्या चटणीबरोबर वेगळं ठेवते

सी-४०४ मामी: बरं झालं विचारलं. आभारी आहे आक्का

सी-२०१ दादा: आमच्या मोठ्या ताईची मुलगी अमेरिकेत लुइझियानात आहे, तिकडे पण ऊस होतो, त्याचं घट्ट सिरप ते लोक त्यांच्या बिस्किटांवर ओतून खातात म्हणे. पोरीला पहिल्यांदा चाखल्यावर आजोळची काकवी आठवली, रडली फोनवर

ए-४०२ वहिनी: अगं बाई

सी-६०५: आक्का रसवंतीवरून रस आणून घरी काकवी होईल का?

बी-३०२ आक्का: होते की. पण रसवंतीवाल्याला आधीच सांग, बर्फ, लिंबू, आलं काही नको, नुसता रस, आणि आणल्या आणल्या गॅसवर चढव, तास दोन तास ठेवला की आंबायला लागतो. कापडातून गाळ. उकळी यायच्या आधी वर मळी जमते, ती झाऱ्याने काढत राहायची, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नकोस, काकवी काळी आणि गढूळ होते. गुऱ्हाळात मळी धरायला रानभेंडीचं खोड ठेचून त्याचं बुळबुळीत पाणी घालतात, घरी ४-५ भेंड्या ठेचून चालतात. मळी संपली की मोठा गॅस, शेवटी बारीक, मधासारखी धार पडली की उतरव. १ लिटर रसाची पाव किलोच्या आसपास निघते. खिडकी उघडी ठेव, वाफ फार होते

ए-१०१ काका: आणि बाजारातून आणायची तर? सगळीकडे कोल्हापुरी म्हणून लिहिलेलं असतं. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला म्हणून काय सगळाच कोल्हापुरी होतो का?

बी-३०२ आक्का: हे मात्र काका अगदी बरोबर बोललात. फार पिवळाधमक गूळ घेऊ नका, उजळ दिसावा म्हणून हायड्रोस नावाची रासायनिक पावडर टाकतात. काकवीचं पण तेच, चांगली काकवी तांबूस असते आणि बाटली आडवी केली की सावकाश सरकते. तळाशी खडे धरले असतील तर घाबरू नका, ती साखर सुटलेली असते, गरम पाण्यात बाटली ठेवली की विरघळते. आंबट असलं की खडे कमी धरतात, म्हणून काकवी करतानाच थोडं सायट्रिक घालतात आणि म्हणूनच चिंचेचा हा सॉस फ्रिजमध्ये तसाच्या तसा राहतो. कोरडी काचेची बाटली घ्या, तीन आठवड्यांत संपवा

बी-१०३ ताई: आक्का तुमचं गुऱ्हाळ आता नाही का?

बी-३०२ आक्का: बंद झालं ग. ऊस कारखान्याला जायला लागला, बिल बँकेत येतं, रात्ररात्र काहिलीपुढे उभं राहायला माणसं मिळेनात. काहील मोडीत नाही दिली भावाने, अंगणात पालथी आहे. डबा शेजारच्या गावच्या गुऱ्हाळातून येतो, तिथला गुळव्या आमच्याकडे शिकलेला आहे. त्याने उतरवलेली असली की मला वासावरून कळतं

ए-१०१ काका: वहिनी, रविवारी मला थोडा जास्त वाढा. चटणी.

सेक्रेटरी: २०० रुपये. सी विंग.

सी-२०१ दादा: मी भरलेत सकाळीच. यादी अपडेट करा आधी

बी-५०३ नाना: लिफ्ट धुतली का? तिसऱ्यांदा विचारतोय. नातू शाळेतून येईल आता, तो जमिनीवर बसतो.

बी-३०२ आक्का: नाना सॉस उतरवला, आलेच. गरम पाण्याची बादली आणि व्हिनेगर घेऊन लिफ्टमध्येच आहे. बी विंगवाल्यांनी दहा मिनिटं जिना वापरा, दरवाजाच्या खाचेत पण गेलीय, ती काडीने काढावी लागेल