व्हीलचेअरवर वजन उतरवताना खांदे आणि त्वचा कशी सांभाळायची?

प्रश्न
मज्जारज्जूला टी-१० (छातीच्या भागातला दहावा मणका) पातळीची इजा, कमरेखाली हालचाल आणि संवेदना नाही. वजन ८२ किलो. अॅपने दिवसाला २००० कॅलरी सांगितल्या. मोजूनमापून तेवढंच खाल्लं, तरी दोन महिन्यांत काटा हलला नाही. आता थेट १२०० वर यावं का? आणि रोज तासभर चेअर ढकलणं व्यायाम म्हणून पुरेल का?

प्रतिसाद १
१२०० नको. अॅपचा हिशोब चालत्या शरीराचा असतो. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आटले की बसल्याजागी होणारा खर्चच घटतो. मोजमाप बरोबर असेल तर २००० हा तुमचं वजन टिकवणारा आकडा आहे. त्यातून ३०० वजा करा. आठवड्याला साधारण पाव किलो उतरेल. एकदम खाणं तोडलं तर खांद्या-दंडांचे स्नायूही झिजतात, आणि बेडवरून चेअरवर सरकायचं ते त्यांच्याच जोरावर.

कॅथेटरच्या (लघवी काढायच्या नळीच्या) फेऱ्या वाचवायला पाणी कमी करू नका, लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही मागे लागतात. इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा.

प्रतिसाद २
चेअरवर बसायच्या उशीचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. बैठकीच्या दोन हाडांवरची चरबी उतरली की तिथली त्वचा उघडी पडल्यासारखी होते. हवेची उशी असेल तर चार-पाच किलो उतरल्यावर हवा पुन्हा तपासा. नेहमीसारखं ताठ बसा, तळहात वर करून हात उशी आणि शरीराच्या मध्ये सरकवा, सगळ्यात खाली आलेलं हाड शोधा. हाड आणि उशीचा तळ यांत दीड ते अडीच सेंटीमीटर अंतर हवं. वजन घटलं की आधीचीच हवा जास्त होते, शरीर उशीत पुरेसं रुतत नाही आणि भार हाडांवर एकवटतो. थोडी थोडी सोडा. जास्त सोडली तर हाड तळाला टेकतं.

सकाळ-संध्याकाळ आरशात बघा. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असं नाही. डाग गडद दिसतो, हाताला गरम किंवा कडक लागतो. अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर बसायचं नाही. जखम झालीच तर डाएट थांबवा, भरून यायला प्रथिनं आणि कॅलरी जास्त लागतात.

सीटही सैल होते. माणूस एका बाजूला कलतो, चाकं गाठायला हात बाहेर फाकवावे लागतात, आणि त्याचा त्रास खांद्याला.

प्रतिसाद ३
रोज तासभर ढकलणं नको. छातीकडचे स्नायू आधीच दिवसभर राबतात. आठवड्यातून तीन दिवस, ३० मिनिटं हाताने फिरवायची सायकल. तिचा आस खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम लागू द्या. दोन दिवस रबरी पट्टा: छातीच्या उंचीवर पक्का अडकवा, ब्रेक लावा, कोपरं मागे ओढत खांद्याची पाती जवळ आणा. १० वेळा, ३ फेऱ्या. खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ आली तर पट्टा हलका घ्या.

प्रश्नकर्ता
वजन नेमकं कसं करायचं? दर वेळी आकडा वेगळा येतो.

प्रतिसाद १
रॅम्पच्या काट्यावर (ज्यावर चेअर सरळ चढवता येते) चेअरसकट वजन घ्या, मग उशी आणि पिशव्यांसह रिकाम्या चेअरचं, आणि वजाबाकी करा. लघवीची पिशवी आधी रिकामी, कपडे-बूट तेच. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. सोबत आडवं पडून पोटाचा घेर मोजा: शेवटच्या बरगडीखाली, सहज श्वास सोडल्यावर.