जुनी हायब्रिड चढावर मधेच दम सोडते, मोठी बॅटरीच गेली म्हणायची का?

गाडीवेडा:
मंडळी, गाडी जुनी हायब्रिड आहे, मोटर चालवणारी मोठी बॅटरी (पॅक) निकेल मेटल हायड्राइडवाली, तीही ओरिजनलच. हल्ली लांब चढ लागला किंवा ओव्हरटेकला जोरात दाबलं की मधेच ताकद जाते, इंजिन नुसतं ओरडतं पण गाडी काही उचलत नाही, कधी लाल त्रिकोण लागतो कधी तेही नाही. साइडला घेऊन बंद केली, जरा थांबलं की परत एकदम ठणठणीत. आणि गॅरेजला नेली की काय शहाण्यासारखी वागते! मेकॅनिकला स्कॅनरवर एकही कोड दिसला नाही तरी म्हणतो पॅक बदला नि मोकळे व्हा. कशावरून पण?

ओममीटर:
कोड दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं. बरेच साधे स्कॅनर फक्त इंजिनचा ईसीयू (कंट्रोल कॉम्प्युटर) वाचतात, हायब्रिड सिस्टीम आणि बॅटरीचे ईसीयू वेगळे, तिथले कोड त्यांना दिसतच नाहीत. ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचं) आणि तुमच्या मॉडेलला चालणारं अ‍ॅप घ्या. पी०ए८० निघाला तर पॅककडे बोट, पी०ए९३ निघाला तर इन्व्हर्टरच्या (बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करतो तो) कूलिंगकडे. कोड वाचायच्या आधी १२ व्होल्टची बॅटरी काढू नका, बऱ्याच गाड्यांत कोड आणि फ्रीझ फ्रेम (बिघाडाच्या क्षणी नोंदलेले आकडे) दोन्ही उडतात. तीही तपासा म्हणा, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आणि रेडीमध्ये (गाडी चालू, निघायला तयार) १४ च्या आसपास दिसायला हवेत.

बोनेटखाली:
१२ व्होल्टची तपासा, पण मला नाही वाटत तिची भानगड आहे. ती मेली की गाडी सकाळी रेडीलाच जात नाही किंवा डॅशबोर्डवर भुताटकी सुरू होते. इथे चढ, लोड, मग थांबलं की ठीक, म्हणजे काहीतरी तापतंय किंवा लोडवर व्होल्टेज कोसळतंय, आणि गाडी स्वतःला वाचवायला पॉवर कापतेय. मागच्या सीटशेजारी जाळी आहे का? बॅटरीचा फॅन तिथून हवा ओढतो, कुत्र्यामांजराचे केस आणि धूळ बसून तो चोंदतो. मग बोनेट उघडून इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी बघा (इंजिनची नव्हे, वेगळी असते), गाडी रेडीमध्ये ठेवली की आतलं पाणी हलताना दिसायला पाहिजे, शांत पडलेलं असेल तर पंप गेला. पॅकच्या मानाने फार स्वस्तातलं काम आहे ते.

गाडीवेडा:
पाणी चांगलं हलतंय. जाळीमागे मात्र केसांचा नमदाच निघाला, साफ केला. पण अजून एक सांगायचं राहिलं, चढावर चार्जचा गेज धाडकन खाली येतो आणि उतारावर लगेच फुल्ल. हे नॉर्मल का?

ओममीटर:
नाही हो, हे आधी सांगायचं ना! कपॅसिटी कमी झाली की नेमकं असंच होतं. अ‍ॅपमध्ये ब्लॉक व्होल्टेज लावा (पॅकमध्ये सेलचे मॉड्यूल असतात, त्यांचा एकेक गट म्हणजे ब्लॉक), दुसऱ्याला चालवू द्या आणि चढावर आकडे बघा. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक सारखेच दिसतील, फसू नका. लोडवर सगळे थोडे थोडे खाली आले तर ठीक, एखादाच बाकीच्यांपेक्षा एक व्होल्टच्या वर आपटत असेल तर तिथला मॉड्यूल गेला किंवा बसबारला (मॉड्यूल जोडणारी धातूची पट्टी) गंज चढलाय. बसबार साफ करून सुटलेल्या केसेस मी बघितल्यात, त्यामुळे पॅकची ऑर्डर इतक्यात नको.

वायरमन:
कोणी बसबार साफ करायला लगेच पॅक उघडायला जाईल म्हणून लिहितो. सर्व्हिस प्लग (पॅकचं हाय व्होल्टेज सर्किट तोडणारा) काढून किमान १० मिनिटं थांबायचं, कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरायला वेळ लागतो. आणि प्लग काढला म्हणजे पॅक मेला असं नाही, आत मॉड्यूल जोडलेलेच असतात, २०० व्होल्टचा पॅक असेल तर एवढा डीसी माणूस मारायला पुरेसा आहे. १००० व्होल्टचे इन्सुलेटेड ग्लोव्ह्ज नसतील तर त्या हाय व्होल्टेजच्या केशरी केबलींना हात लावू नका, हायब्रिडचं काम करणाऱ्याला द्या.

गाडीवेडा:
पॅक मी उघडणार नाही, तेवढी अक्कल आहे 😅 डोंगल मागवलंय. एकच ब्लॉक निघाला तर तेवढाच मॉड्यूल बदलून भागेल का?

बोनेटखाली:
भागेल, पण किती दिवस ते कोणी सांगू नये. बाकीचे त्याच वयाचे, त्यात नवा घातला तर त्याची नि त्यांची कपॅसिटी जुळत नाही, मग काही महिन्यांत दुसरा कोणीतरी मान टाकतो. गाडी विकायचीय तर गोष्ट वेगळी (आणि घेणाऱ्याला सांगा). ठेवायची असेल आणि दोनतीन ब्लॉक लटकलेले दिसले तर तुमचा मेकॅनिक बरोबर होता म्हणा, फक्त न बघता बरोबर होता. आकडे आले की इथे टाका.