ब्लॉकचा आकार वाढवला, तर नेमके काय बिघडते?

प्रश्न

बिटकॉइनमध्ये सरासरी दर १० मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो आणि २०१० पासून त्या ब्लॉकवर १ मेगाबाइटची मर्यादा होती. साधा व्यवहार सुमारे २५० बाइटचा धरला, तर एका ब्लॉकमध्ये ४,००० व्यवहार मावतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. जागा अपुरी पडली की लोक शुल्क वाढवून एकमेकांच्या पुढे जायला बघतात. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क ५० डॉलरच्याही वर गेले होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

दुसरीकडे, १ मेगाबाइट माहिती दहा मिनिटांत उतरवून घ्यायला सेकंदाला दोन किलोबाइटसुद्धा लागत नाहीत. इंटरनेटचा वेग आणि डिस्कची क्षमता पाहता ३२ किंवा १०० मेगाबाइटचे ब्लॉक सहज पेलवतील, असे साध्या हिशेबाने दिसते. तरीही विरोध इतका तीव्र का आहे? ‘विकेंद्रीकरण धोक्यात येईल’ हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळते, पण मोठ्या ब्लॉकपासून त्या धोक्यापर्यंतच्या पायऱ्या कोणी उलगडून सांगत नाही. ज्यांनी स्वतः नोड (सगळे ब्लॉक आणि व्यवहार स्वतः तपासणारा संगणक) चालवला आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी त्या पायऱ्या कृपया मांडाव्यात.

प्रतिसाद १

आपला हिशेब चुकीचा नाही, पण तो सरासरीचा आहे आणि अडचण सरासरीत नसून एकदम येणाऱ्या लोटात आहे. आधी डिस्कचा मुद्दा बाजूला ठेवू, कारण तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. वर्षाला सुमारे ५२,५६० ब्लॉक होतात. ब्लॉक १ मेगाबाइटचे असतील तर वर्षाकाठी ५२ गिगाबाइटची भर पडते आणि ३२ मेगाबाइटचे ब्लॉक कायम भरलेले असतील तर जवळपास १.७ टेराबाइटची. शिवाय पडताळणी झाल्यावर जुने ब्लॉक टाकून देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहेच, त्यामुळे निव्वळ साठवणुकीवरून मोठ्या ब्लॉकला विरोध करणे मला पटत नाही.

खरा प्रश्न प्रसाराला लागणाऱ्या वेळेचा आहे. एखाद्या मायनरला (वीज खर्चून नवे ब्लॉक शोधणाऱ्याला) ब्लॉक सापडल्यापासून तो इतरांपर्यंत पोहोचून तपासला जाईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात बाकीचे मायनर जुन्याच ब्लॉकच्या पुढे काम करत असतात आणि त्यांची वीज वाया जाते. शिवाय त्याच अवधीत दुसऱ्या कोणाला प्रतिस्पर्धी ब्लॉक सापडला, तर दोनपैकी एक ब्लॉक अनाथ होतो, म्हणजे साखळीबाहेर पडतो, आणि त्याचे बक्षीस बुडते. ब्लॉक सापडणे ही यादृच्छिक घटना असल्यामुळे ही शक्यता मोजता येते: प्रसाराला ६ सेकंद लागत असतील तर साधारण १ टक्का, ३० सेकंद लागत असतील तर ५ टक्क्यांच्या आसपास आणि पूर्ण मिनिट लागत असेल तर साडेनऊ टक्के.

आता हे नुकसान कोणाच्या वाट्याला येते ते पाहा, कारण विकेंद्रीकरणाचा प्रश्न इथेच सुरू होतो. ज्या मायनिंग पूलकडे (एकत्र काम करणाऱ्या मायनरच्या गटाकडे) एकूण हॅश-शक्तीच्या, म्हणजे ब्लॉक शोधणाऱ्या गणनशक्तीच्या, ३० टक्के शक्ती आहे, त्याला स्वतःच्या ब्लॉकची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे उशिराचा फटका त्याला फक्त उरलेल्या ७० टक्के ब्लॉकच्या बाबतीत बसतो. १ टक्का शक्ती असलेल्या मायनरला मात्र तो ९९ टक्के ब्लॉकच्या बाबतीत सोसावा लागतो. विलंब दोन सेकंदांचा असेल तेव्हा हा फरक नगण्य असतो. विलंब मिनिटभराचा झाला, की मायनिंगसारख्या तुटपुंज्या नफ्याच्या धंद्यात छोट्याने मोठ्या पूलमध्ये सामील होणे हाच शहाणपणा ठरतो. यात कोणाचाही वाईट हेतू असावा लागत नाही, निव्वळ गणितच शक्ती एका ठिकाणी गोळा करते.

यातूनच पुढची पायरी येते. वाट पाहण्याचा तोटा टाळण्यासाठी काही मायनर ब्लॉक पूर्ण न तपासता, केवळ त्याचे शीर्षक (ब्लॉकच्या सुरुवातीची छोटी सारांश-नोंद) मिळाले की लगेच त्यापुढे काम सुरू करतात. ४ जुलै २०१५ रोजी याचा परिणाम सगळ्यांनी पाहिला. नुकताच लागू झालेला नवा नियम मोडणारा एक अवैध ब्लॉक आला, न तपासणाऱ्यांनी त्यावर पुढचे ब्लॉक रचले आणि सहा ब्लॉकची अवैध साखळी तयार झाली. जे पूर्ण नोड चालवत होते त्यांनी ती आपोआप नाकारली. दुसऱ्यावर विसंबून असलेल्यांना मात्र ‘व्यवहार पक्का झाला’ असे काही काळ दिसत राहिले. त्या वेळी मर्यादा १ मेगाबाइटचीच होती. ब्लॉक मोठे झाले की न तपासण्याचा मोह वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी तपासू शकणाऱ्यांची संख्या घटते.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद मांडणी म्हणून उत्तम आहे, परंतु त्यातील चित्र दहा वर्षांपूर्वीचे आहे असे मला वाटते. क्रिस्टियन डेकर आणि रॉजर वॅटनहोफर यांनी २०१३ मध्ये मोजमाप केले, तेव्हा ब्लॉक नोडपर्यंत पोहोचायला सरासरी १२.६ सेकंद लागत होते आणि २० किलोबाइटच्या पुढे प्रत्येक किलोबाइटमागे सुमारे ८० मिलिसेकंदांची भर पडत होती. तेव्हा प्रत्येक व्यवहार दोनदा पाठवला जाई, एकदा सुटा आणि पुन्हा ब्लॉकमध्ये. २०१६ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट ब्लॉक पद्धतीने ही दुहेरी पाठवणी संपली. बहुतेक व्यवहार नोडच्या मेमपूलमध्ये (ब्लॉकमध्ये जाण्याची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या साठ्यात) आधीपासून असतातच, म्हणून आता प्रत्येक व्यवहारासाठी सहा बाइटची खूण पाठवली तरी पुरते. २,५०० व्यवहारांचा ब्लॉक अशा रीतीने १५ किलोबाइटच्या आसपास मावतो. सह्या तपासण्याचे सॉफ्टवेअरही त्याच वर्षी कित्येक पट वेगवान झाले. म्हणून ‘प्रसाराला मिनिट लागेल’ हे गृहीत धरून केलेला युक्तिवाद आज जसाच्या तसा लागू होत नाही.

इतिहासही लक्षात घ्यायला हवा. १ मेगाबाइटची मर्यादा कोणत्याही आर्थिक सिद्धांतातून आलेली नव्हती. ती २०१० मध्ये नेटवर्क लहान असताना घातली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पुढे एखाद्या ठरावीक क्रमांकाच्या ब्लॉकपासून ती कशी वाढवता येईल, हे सातोशी नाकामोटो यांनीच लिहून दाखवले होते. उदाहरणादाखल त्यांनी १,१५,००० हा क्रमांक घेतला होता. २०१५ मध्ये गॅविन अँड्रेसन यांनी ८ मेगाबाइटपासून सुरुवात करून दर दोन वर्षांनी मर्यादा दुप्पट करण्याचा प्रस्ताव मांडला, तो स्वीकारला गेला नाही. ज्यांना हा मार्ग सोडायचा नव्हता त्यांनी १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइन कॅश वेगळे काढले. तिथे मर्यादा आधी ८ मेगाबाइट होती, मे २०१८ मध्ये ती ३२ मेगाबाइट झाली आणि मे २०२४ पासून प्रत्यक्ष वापरानुसार ती आपोआप वर सरकते, मात्र ३२ च्या खाली येत नाही. ते नेटवर्क आजही चालू आहे.

आणि मला सगळ्यात जास्त खटकते ते हे, की पडताळणीचा खर्च परवडावा म्हणून आपण वापराचा खर्च वाढवतो. ज्याला नोड चालवणे परवडते पण ५० डॉलर शुल्क परवडत नाही, तो दुसऱ्यांचे व्यवहार तपासत बसेल आणि स्वतःचे पैसे एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात ठेवेल. याला विकेंद्रीकरण म्हणणे मला जड जाते. लाइटनिंगचे (दोघांमध्ये चॅनेल उघडून बहुतेक व्यवहार ब्लॉकबाहेर करण्याच्या व्यवस्थेचे) नाव पुढे केले जाते, पण जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांच्या मूळ मांडणीतच असा हिशेब आहे, की ७ अब्ज लोकांनी वर्षाला दोन-दोन चॅनेल उघडायचे ठरवले तर १३३ मेगाबाइटचे ब्लॉक लागतील.

प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एक शंका राहते. कॉम्पॅक्ट ब्लॉकमुळे प्रसाराचा प्रश्न सुटला असेल, तर मग आज मर्यादा नेमकी कशामुळे यावी? आणि सेगविटने (सह्यांचा भाग वेगळा मोजणाऱ्या २०१७ मधील बदलाने) ब्लॉकचा आकार वाढवला की नाही, याबद्दल परस्परविरोधी विधाने वाचायला मिळतात.

प्रतिसाद ३

सेगविटचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. २४ ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा बाइटऐवजी वजनात मोजली जाते: एकूण ४० लाख एकके, त्यात सह्यांचा बाइट एक एकक आणि बाकीचा प्रत्येक बाइट चार एकके. रोजच्या व्यवहारांच्या मिश्रणात ब्लॉक दोन मेगाबाइटच्या आत-बाहेर राहतो, पण जवळजवळ सगळा भाग सह्यांच्या जागेत भरला तर तो ४ मेगाबाइटच्या अगदी जवळ जातो आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये असा ब्लॉक खरोखर तयार झाला. तेव्हा आकार वाढला, हेच खरे. मात्र जुन्या नोडना बाहेर न काढता तो वाढला. त्यापुढे मूळ भागाची मर्यादा दुप्पट करण्याची जी योजना होती, तिला सगळ्यांनी एकाच वेळी सॉफ्टवेअर बदलणे आवश्यक होते आणि तेवढे एकमत नसल्यामुळे ८ नोव्हेंबर २०१७ रोजी ती थांबवण्यात आली.

कॉम्पॅक्ट ब्लॉकविषयी प्रतिसाद २ मधील वर्णन योग्य आहे, पण ती पद्धत सहकार्य गृहीत धरते. मायनरने आधी कोणाला न दाखवलेले व्यवहार ब्लॉकमध्ये भरले, तर खुणांचा उपयोग होत नाही आणि सगळी माहिती पुन्हा मागवावी लागते. मर्यादा ठरवताना चांगल्या दिवसाचा नव्हे, तर मुद्दाम त्रास देणाऱ्या ब्लॉकचा विचार करावा लागतो. जुलै २०१५ मधील ३,६४,२९२ क्रमांकाचा ब्लॉक याचा नमुना आहे. त्यात एकच व्यवहार जवळपास १ मेगाबाइटचा होता, हजारो लहान रकमा एकत्र करणारा, आणि तो तपासायला सुमारे २५ सेकंद लागत होते. कारण असे, की तेव्हाच्या पद्धतीत प्रत्येक इनपुटची (व्यवहारात खर्च होणाऱ्या आधीच्या रकमेची) सही तपासताना जवळपास संपूर्ण व्यवहाराचा हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला ठसा) नव्याने काढावा लागे. व्यवहार दुप्पट मोठा झाला की काम चौपट आणि आठपट मोठा झाला की चौसष्टपट. सेगविटच्या व्यवहारांत हा दोष काढून टाकला आहे आणि बिटकॉइन कॅशनेही सुरुवातीपासूनच तशीच पद्धत घेतली, पण केवळ एक आकडा बदलून भागत नाही हे यावरून कळते.

मार्च २०१३ ची घटना तर अधिक बोलकी आहे. त्या वेळी ब्लॉक १ मेगाबाइटच्या मर्यादेच्या पूर्ण आत होता. मात्र त्यातील इनपुटची संख्या तोपर्यंतच्या कोणत्याही ब्लॉकपेक्षा जास्त होती आणि जुन्या आवृत्तीच्या डेटाबेसमधील कुलपांची (लॉकची) ठरावीक संख्या त्यासाठी अपुरी पडली. नव्या आवृत्तीने ब्लॉक स्वीकारला, जुनीने नाकारला आणि साखळी दुभंगली. शेवटी मोठ्या पूलनी जुन्या आवृत्तीवर परत जाऊन सुमारे दोन डझन ब्लॉक सोडून दिले. असली एक मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये लपलेली आहे, हे ब्लॉक मोठा होईपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळतो. माझ्या मते आजची खरी मर्यादा नव्या नोडच्या पहिल्या पडताळणीतून येते. नवा नोड जानेवारी २००९ पासूनचा प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासतो. समजा, एखादा संगणक ब्लॉक तयार होण्याच्या वेगापेक्षा वीसपट वेगाने तपासणी करतो. रोजचे ब्लॉक तो आरामात पेलेल, दिवसभर जवळजवळ रिकामाच बसेल. पण दहा वर्षांचा इतिहास तपासायला त्याला सहा महिने लागतील. म्हणजे ‘माझा संगणक ३२ मेगाबाइटचा ब्लॉक दहा मिनिटांच्या आत तपासतो’ एवढे पुरेसे नाही, त्याने तो एक-दोन सेकंदांत तपासायला हवा. त्यात न खर्चलेल्या रकमांची यादी वेगाने शोधता येईल अशा ठिकाणी ठेवावी लागते आणि जुने ब्लॉक टाकून दिले तरी ही यादी टाकता येत नाही. डिस्कची क्षमता जितक्या वेगाने वाढली, तितक्या वेगाने हा शोध स्वस्त झालेला नाही.

प्रतिसाद ४

एक बाजू राहिली आहे, ती थोडक्यात नोंदवतो. मायनरचे बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मे होते. २००९ मध्ये ते ५० बिटकॉइन होते, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. पुढे सुरक्षेचा खर्च शुल्कातूनच निघायला हवा. जागा नेहमीच मुबलक राहिली तर शुल्क किमान पातळीवर राहील आणि त्याची भरपाई व्यवहारांच्या संख्येतून व्हावी लागेल. तेवढे व्यवहार येतील, अशी मोठ्या ब्लॉकच्या समर्थकांची अपेक्षा आहे. मर्यादित जागेसाठी लोक जास्त पैसे देत राहतील, अशी दुसऱ्या बाजूची अपेक्षा आहे. या दोन्ही अपेक्षाच आहेत आणि त्या तशाच समजाव्यात.

प्रश्नकर्ता

पहिल्या पडताळणीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मग आपल्या मते आज किती आकार सुरक्षित मानावा?

प्रतिसाद १ चे लेखक

प्रतिसाद २ मधील सुधारणांचा मुद्दा मला मान्य आहे, त्यामुळे आजचे उत्तर २०१५ मधल्यापेक्षा अधिक उदार असायला हवे. २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने असा निष्कर्ष काढला होता, की दहा मिनिटांच्या अंतराने ४ मेगाबाइटपेक्षा मोठे ब्लॉक आले तर त्या वेळच्या नेटवर्कमधील किमान दहा टक्के नोड मागे पडतील. तो निष्कर्ष केवळ प्रसाराच्या मोजमापावर आधारलेला होता आणि तेव्हापासून प्रसार सुधारला आहे. त्यामुळे कायम भरलेले ४ ते ८ मेगाबाइटचे ब्लॉक आज घरगुती संगणकाला पेलवतील असे मला वाटते. कायम भरलेले ३२ मेगाबाइटचे ब्लॉक दहा वर्षे चालले, तर मात्र नवा नोड सुरू करणे हे संस्थांचे काम होईल. बिटकॉइन कॅशच्या उदाहरणावरून याचा निकाल लागत नाही, कारण तिथले बहुतेक ब्लॉक मर्यादेच्या जवळपासही भरलेले नसतात.

माझ्या या मतावर विसंबून राहू नका, स्वतः तपासून पाहा. जुने ब्लॉक टाकून देण्याचा पर्याय निवडून एक पूर्ण नोड सुरू करा. सुरुवातीची काही वर्षे भराभर पुढे सरकतील, कारण तेव्हाचे ब्लॉक जवळजवळ रिकामे होते. २०१७ च्या पुढे गती स्पष्टपणे मंदावेल. तिथून अलीकडच्या एखाद्या एका वर्षाचे ब्लॉक तपासायला किती तास लागले ते लिहून ठेवा. सॉफ्टवेअर जुन्या ब्लॉकमधील सह्यांची तपासणी मूळ स्थितीत वगळते, तो पर्याय बंद करून मोजलेत तर आकडा अधिक प्रामाणिक येईल. मग आपल्या मनातील ब्लॉक त्या वर्षातील सरासरी ब्लॉकच्या जितकी पट मोठा आहे त्या पटीने आणि वर्षांच्या संख्येने तो गुणा आणि जो आकडा येईल तो संगणकाच्या तपशिलासह इथे टाका. वेगवेगळ्या यंत्रांवरचे असे आकडे जमले तर पुढची चर्चा त्यांच्या आधारे करता येईल.